आठचा आकडा



आजचा लेख थोडा भांडकुदळ आहे, आधीच सांगून ठेवतो. जे नेहमी चहा घेऊन वाचायला बसतात त्यांनी आज चहात साखर जरा जास्त घालावी.

विषय मोटरसायकलचा. "सर, तुम्ही आणि मोटरसायकल?" असं विचारणाऱ्यांसाठी: १९७८ पासून निवृत्तीपर्यंत मी शाळेत दुचाकीवरूनच गेलो. आधी राजदूत, मग एम-एटी. वाटेत दोन ओढे आणि एक मुरमाड चढण होती. डांबर आलं ते माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

झालंय असं, की आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाने नवी 'ॲडव्हेंचर' मोटरसायकल घेतली आहे. वजन जवळजवळ दोनशे किलो. जूनअखेर तो तीन मित्रांबरोबर स्पितीला निघतो आहे. त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. एक तट वहिनींचा: "अजिबात जायचं नाही, हातपाय मोडून घ्यायचे आहेत का?" दुसरा तट हौशी मंडळींचा. मामाने जॅकेट दिलं, आत्याने हेल्मेट, वडिलांनी दोन्ही बाजूंना लावायच्या पेट्या. "चालवता चालवता येतं सगळं" हे त्यांचं ब्रीदवाक्य. मला दोन्ही तट चूक वाटतात. त्याला एवढं सगळं मिळालं, पण एका माणसाने त्याला विचारलं नाही, की बाळा, ही गाडी तुला माणसाच्या चालीने चालवता येते का? ताशी चार-पाच किलोमीटर, पाय न टेकता?

माझं म्हणणं एवढंच आहे. खराब रस्त्यावर माणूस वाचतो तो हळू चालवता येण्याने. ते हळू चालवणं आपोआप येत नाही. ते गिरवावं लागतं, मुळाक्षरांसारखं.

तुमच्यापैकी ज्यांनी दुचाकीचा परवाना काढला आहे त्यांनी आठवून पाहा. आरटीओत इंग्रजी आठचा आकडा काढायला लावला होता ना? पाय टेकला की नापास. आदल्या दिवशी मोकळ्या जागेत सराव केला, परीक्षेच्या दिवशी जीव मुठीत धरून तो आठ काढला, आणि परवाना खिशात पडल्यावर पुन्हा आयुष्यात कधी काढला नाही. मुलाने पहिलीत बाराखडी एकदा म्हणून दाखवली आणि मास्तरांनी त्याला थेट मॅट्रिकच्या पेपरला बसवलं, तसा हा प्रकार आहे. पुढे कोणी पाच हजार किलोमीटर चालवतो, कोणी पन्नास हजार, पण ते सगळे किलोमीटर सरळ रेषेत, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या गिअरमधले. पहिल्या गिअरचा अभ्यास तिथेच राहिला.

आता या पहिल्या गिअरचंच ज्यांनी शास्त्र केलं त्यांच्याविषयी सांगतो. मोटरसायकलचा 'ट्रायल्स' नावाचा एक खेळ आहे. आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. यात शर्यत नसते. ओढ्यातले गोटे, ओले कातळ, झाडांची मुळं, चिखलाचे उतार असे छोटे छोटे टप्पे आखलेले असतात, आणि एकेकाने त्यातून गाडी काढायची. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर तीन, आणि पडलात किंवा आखलेली हद्द सोडलीत तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी तो पहिला. म्हणजे आरटीओचा आठच, फक्त दगडांवर काढलेला! त्यांच्या गाड्या सत्तर किलोच्या आसपास वजनाच्या असतात आणि त्यांना बसायला नीटशी सीटही नसते, कारण चालवायचं ते उभ्यानेच.

हा खेळ जुना आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली सहा दिवसांची ट्रायल प्रसिद्ध आहे, तिची सुरुवात १९०९ सालापर्यंत मागे जाते. आणि आपल्याकडच्या बुलेटप्रेमींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्या बुलेटचा धडधड आवाज ऐकून तुम्ही छाती पुढे काढता, ती बुलेट याच परंपरेत घडलेली आहे. मागच्या चाकाला झोके घेणारा स्विंगआर्म लावलेली बुलेट रॉयल एनफिल्डने १९४८ मध्ये अशाच खडतर कसोट्यांमध्ये उतरवली होती, आणि त्याच वर्षी इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने सुवर्णपदकं मिळवली. स्कॉटलंडची ती सहा दिवसांची ट्रायल जॉनी ब्रिटन या इंग्रज खेळाडूने १९५२ आणि १९५७ साली जिंकली, तीही रॉयल एनफिल्डवरच. म्हणजे जिला आपण रुबाबाची गाडी म्हणून मिरवतो, तिचं मूळ शिक्षण दगडधोंड्यांतून हळूहळू वाट काढण्याचं होतं. आपण आवाज तेवढा ठेवला आणि शिक्षण सोडून दिलं. असो.

कोणी म्हणेल, सर, हा सर्कशीचा प्रकार झाला, आम्हाला स्पर्धा थोडीच खेळायची आहे? आम्हाला फक्त स्पितीला जायचं आहे.

याचं उत्तर जत्रेत मिळतं. जत्रेतला 'मौत का कुआँ' आपण सगळ्यांनी पाहिला आहे. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटरसायकल गोल गोल फिरते, लोक श्वास रोखतात, नोटा पुढे करतात. त्या माणसाचं धाडस मोठंच, पण त्याला भिंतीला धरून ठेवतो तो वेग. साध्या रस्त्यावरही तसंच असतं. गाडी बऱ्यापैकी वेगात असली की बरंचसं ती स्वतःच सरळ राहते, चालवणारा फक्त दिशा देतो. वेग माणसाच्या चालीवर आला की गाडीची ही मदत संपते, आणि मग तोल सांभाळायची सगळी जबाबदारी चालवणाऱ्यावर येते. आता सांगा, खडीच्या चढावर, नाल्यातल्या गोट्यांत, चिखलाच्या वळणावर, समोरून ट्रक आल्यावर कड्याच्या बाजूला थांबताना, वेग किती असतो? म्हणजे जिथे धोका सर्वांत जास्त, नेमक्या तिथेच गाडी तुमचा हात सोडते. आणि तुमचा सराव कशाचा? हायवेचा.

"अडलं तर जरा जोरात काढायची, निघते" असं हौशी तट म्हणतो. वाळूत आणि सैल मातीत थोडा जोर लागतो हे मी मान्य करतो. पण जोर हा सगळ्या रोगांवरचा काढा नव्हे. साधं गणित आहे. वेग दुप्पट झाला की आपटण्याची ऊर्जा चौपट होते, चौपट झाला की सोळापट. ताशी दहाने पडलेला माणूस धूळ झटकून उठतो आणि मित्रांकडे बघून हसतो. ताशी चाळीसने दगडांत पडलेल्याला हसता येईलच असं नाही. ज्याला हळू जाता येत नाही तो नाइलाजाने जोरात जातो, आणि त्या नाइलाजाला आपण धाडस म्हणतो! मला खरा राग आहे तो याचा.

हळू शिकलेले लोक जोरात मागे पडतात का? अजिबात नाही. स्पेनच्या लाइया सान्झ या बाईंचं उदाहरण घ्या. ट्रायल्समध्ये महिलांचं जगज्जेतेपद त्यांनी अनेक वेळा जिंकलं. २०११ मध्ये त्या डकार रॅलीत उतरल्या. जगातल्या सर्वांत कठीण रॅलींपैकी ती एक, हजारो किलोमीटर वाळवंट आणि दगड. पहिल्याच वेळी त्यांनी ती पूर्ण केली, आणि २०१५ मध्ये पुरुष-स्त्रिया सगळे धरून मोटरसायकल गटात त्या नवव्या आल्या. पोलंडचा टाडेऊश ब्लाझुसियाक हाही ट्रायल्समध्ये तयार झालेला. ऑस्ट्रियात लोखंडाच्या खाणीच्या डोंगरावर एर्झबर्ग नावाची भयंकर शर्यत होते, ती त्याने २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षं जिंकली. अक्षर वळणदार झालं की मग भरभर लिहिता येतं. उलटं होत नाही. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासून मी हे सांगतो आहे.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आमच्या भागातले दूधवाले पाहा. एम-एटीला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, पावसाळ्यात बांधावरची निसरडी पाऊलवाट, मधे चाकोरीत साठलेलं पाणी. कॅन हिंदकळून दूध सांडलं तर खिशातून पैसे जाणार. ही माणसं काय करत? सीटवरून जरा उचलून पाय फूटरेस्टवर, नजर लांब, एक्सलेटर एकसारखा, आणि मागचा ब्रेक नावापुरता दाबलेला. गाडी गोगलगाईसारखी चाले, पण पाय टेकत नसे. त्यांनी ट्रायल्सचं नावही ऐकलेलं नव्हतं. माझ्या ओढ्याच्या वाटेवर मी त्यांच्याकडे बघूनच शिकलो. त्यांच्या अंगावर कधी चिलखती जॅकेट पाहिलं नाही.

(वहिनी, याचा अर्थ जॅकेट नको असा नाही. हेल्मेट, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट सरावातसुद्धा हवेतच. पण कपड्याने पोहायला येत नाही एवढंच म्हणतो.)

आता नेहमीचे आक्षेप घेतो.

पहिला: "हाफ क्लचवर चालवली तर क्लच प्लेट जळते." आपल्याकडे हे वाक्य गॅरेजपासून गल्लीपर्यंत ऐकू येतं. आजच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्या तेलात बुडालेला असतो. कमी एक्सलेटरवर थोडा थोडा वेळ अर्धा सोडून धरला तर तो सहसा कुरकुर करत नाही. जळतो तो इंजिन रोंरावत ठेवून चढावर मिनिटामिनिटाला झुंजणाऱ्याचा, म्हणजे ज्याने सराव केलेला नाही त्याचा. पाच-दहा मिनिटांनी गाडी थांबवून थंड होऊ द्या. आणि समजा गेलीच एखादी प्लेट, तर प्लेट बदलता येते. गुडघा बदलायला काय लागतं ते माझ्या वयाच्या वाचकांना विचारा :-)

दुसरा: "ट्रायल्सच्या गाड्या सत्तर किलोच्या, आमची दोनशेची. तिच्यावर हे कसं जमणार?" दगडांवरून उड्या मारायला कोण सांगतंय? आठ, पूर्ण हँडल वळवून फेरी, उभ्याने संथ चालवणं, चढावर थांबणं, हे दोनशे किलोवरही होतं. उलट गाडी जड म्हणूनच ते जास्त हवं. सत्तर किलोची गाडी कलली तर हाताने सावरता येते. दोनशे किलोची गाडी ठरावीक कोनापलीकडे कलली की पैलवानालाही सावरत नाही. ती त्या कोनापर्यंत जाऊच न देणं हा एकच इलाज.

तिसरा: "नव्या गाड्यांत एबीएस वगैरे सगळं असतं." असतं, आणि डांबरावर ते जीव वाचवतं. पण सैल खडीच्या उतारावर एबीएसमुळे गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं, म्हणून तर काही गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय दिलेली असते. आणि तोल सांभाळायचं यंत्र अजून तरी दोन कानांच्या मध्येच आहे.

चौथा आक्षेप वहिनींचा: "मग नकोच ना ते जाणं!" वहिनी, पंचविशीच्या मुलाला नको म्हटलं की तो न सांगता जातो. त्यापेक्षा तयारी करून घेऊन पाठवलेला बरा. पोहायला शिकवायचं नाही आणि नदीकाठी राहायचं, असं किती दिवस चालणार?

आता तयारी म्हणजे काय ते मास्तरकीच्या सवयीने ओळीने सांगतो. सध्या उन्हाळा आहे. पिकं निघाली आहेत, गावाकडचं आपलं रान मोकळं पडलं आहे. जूनअखेरपर्यंत आठ रविवार सहज मिळतात. प्रत्येक रविवारी सकाळी दोन तास.

पहिले दोन रविवार फक्त आठ. शाळेच्या मैदानावर आखतो तशी फक्की टाकून मोठा आठ आखायचा, मग दर अर्ध्या तासाने तो लहान करायचा. पहिला गिअर, एक्सलेटर स्थिर, वेग कमीजास्त करायचा तो क्लचने आणि मागच्या ब्रेकने. इतक्या हळू वळणात गाडी आत कलू द्यायची, अंग मात्र बाहेरच्या बाजूला ठेवायचं आणि बाहेरच्या पायावर भार द्यायचा. डोकं वळवून जिथे जायचं तिथे बघायचं. पुढच्या चाकाकडे बघितलं की गाडी तिथेच बसते. आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक आवळायचा नाही. बहुतेक नवशिके असेच आडवे होतात, आणि दोष देतात मातीला.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी हेच सगळं उभ्याने. रीलमध्ये फोटोसाठी उभे राहतात तसं ताठ नाही. गुडघे सैल, कोपरं किंचित बाहेर, भार पायांवर आणि हात मोकळे. हात मोकळे आहेत की नाही याची खूण सोपी आहे, हाताची बोटं हँडलवर पियानोसारखी नाचवता आली पाहिजेत. शिवाय उलटी शर्यत लावायची: वीस पावलांचं अंतर, पाय न टेकता जो सर्वांत शेवटी पोचेल तो जिंकला. सायकलची स्लो रेस आठवते ना? तीच.

पाचव्या-सहाव्या रविवारी चढ-उतार. चढावर गाडी मुद्दाम बंद पाडायची. अशा वेळी नवशिका क्लच दाबतो, पुढचा ब्रेक आवळतो आणि तरीही मागे घसरतो, कारण चढावर भार मागच्या चाकावर असतो आणि पुढचं चाक एकटं पकड घेत नाही. बंद पडलेल्या गाडीचा क्लच गिअरमध्ये असतानाच सोडून दिला, तर इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं. गिअर हाच तिथला खरा ब्रेक. मग घाई न करता, क्लच थोडा थोडा दाबत गाडी उतारावर आडवी करायची, स्वतः वरच्या बाजूला राहायचं, आणि खाली वळवून परत यायचं. हे एकदा अंगवळणी पडलं की चढाची निम्मी भीती जाते.

सातव्या रविवारी अडथळे. तीन-चार इंचांची फळी, मग नदीतले गोटे. पुढचं चाक टेकतंय तेवढ्यात ते हलकं करायचं, आणि मागचं चढताना पाय सैल सोडायचे. आणि आठव्या रविवारी गाडी आडवी पाडून उचलायची. पाठीने नाही, मांड्यांच्या जोराने, पाच वेळा. पाचव्या वेळेला धाप लागली की त्याने एवढं लक्षात आणावं, की साडेचार हजार मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीत हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. तिथे गाडी दहादा उचलायची ताकद कोणात नसते. म्हणून ती तिथे पडू न देण्याचा सराव इथे करायचा. तिकडच्या नाल्यांत बर्फ वितळून दुपारी पाणी वाढतं, ते सकाळी लवकर ओलांडावेत, हे त्याचे मित्र सांगतीलच. पण सकाळच्या कमी पाण्यातही तळाचे गोटे गुळगुळीतच असतात.

एक ताकीद मात्र देतो. सरावाच्या नावाखाली गडावर, वनखात्याच्या जागेत किंवा सड्यांवर गाडी घालायची नाही. कासपठारासारख्या जागी बोटभर मातीत जे उगवतं ते एका चाकाने जातं. ट्रायल्सच्या सरावाचा मोठा गुण हाच, की त्याला डोंगर लागत नाही. खळ्याएवढी जागा पुरते, तीही आपली स्वतःची किंवा मालकाला विचारून घेतलेली. ज्याला सरावासाठी अख्खा डोंगर लागतो त्याला सराव करायचा नसतो, धुरळा उडवायचा असतो.

हौशी तटाला हे सगळं कंटाळवाणं वाटेल याची मला कल्पना आहे. धुळीचे लोट नाहीत, आवाज नाही, टाळ्या नाहीत. पण शाळेत मी पाहिलं आहे, कंटाळवाणा वाटणारा सराव जो निमूट करतो त्याला परीक्षेत घाम फुटत नाही.

तेव्हा नातवाला, तो हे वाचतो आहे हे मला ठाऊक आहे, सरळ सांगतो. तुझ्या आजीला तू जायलाच नको आहेस, तुझ्या मामाला तू उद्याच जायला हवा आहेस. माझी अट मधली आहे. फक्की आणि विटा मी आणून ठेवतो. आठव्या रविवारी चार मीटर रुंदीच्या पट्ट्यात पाय न टेकता तू सलग दहा आठ काढून दाखव. मग आजीची समजूत मी काढतो, हे माझं वचन. नाही जमलं, तर स्पिती कुठे पळून जात नाही, ती सप्टेंबरातही तिथेच असेल.

आणि इतर वाचकांनो, तुमच्या घरातही अशी एखादी नवीकोरी गाडी उभी असेल. तिच्या मालकाला आज संध्याकाळी एक आठ काढून दाखवायला सांगा, आणि काय झालं ते मला कळवा.